प्लंबर भाऊ, ओट्याआधी उतार पाहिल्याबद्दल

प्रिय प्लंबर भाऊ,

सप्रेम नमस्कार.

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की बोलणं सुरू होतं शटरच्या रंगापासून. मग ग्रॅनाइट, मग चिमणी, मग टाइल. पाण्याची आठवण होते तेव्हा सुताराची मापं घेऊन झालेली असतात. स्वयंपाकघरांची आखणी करणाऱ्या आमच्या कागदावरही बरीच वर्षं हाच क्रम होता. तुम्ही तो उलटा करून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितो आहोत, कारण तुमचं काम टाइलच्या मागे जातं आणि घरातल्यांना ते पुन्हा कधी दिसत नाही.

"पयले पाणी जाईन कोठून ते सांगा, मंग नळ कोठी लावाचा ते पाहू," हे तुमचं पहिलं वाक्य. इथल्या एका घरात सिंक जुन्या जागेवरून खिडकीखाली न्यायचं होतं, अंतर 8 फूट. तुम्ही खिडकीकडे पाहिलंही नाही, आधी बाहेर जाऊन गली ट्रॅपचं (घरातलं सांडपाणी बाहेर जिथे पडतं तो वास अडवणारा छोटा खड्डा) झाकण उघडलंत आणि तिथून उलटं मोजत आत आलात. 50 मिमीच्या पाइपला फुटामागे पाव इंच उतार, म्हणजे 8 फुटांत 2 इंच. हे 2 इंच कुठून आणायचे, हा सगळ्या आखणीचा गाभा निघाला.

ते गणित इथे पूर्ण मांडतो, कारण बहुतेक घरांत चूक इथेच होते. ओटा तयार फरशीपासून 34 इंच. पूर्वीचं सिंक 8 इंच खोल होतं, तळ 26 वर यायचा, खाली वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकाचा जोड) आणि ट्रॅपला (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारं वळण) 8 इंच, म्हणून भिंतीतलं भोक 18 इंचांवर चालून जायचं. आता कुकर-कढया मावाव्यात म्हणून लोक 10 इंच खोल सिंक घेतात. तळ 24 वर आला, ट्रॅपचं तोंड 16 वर. भोक मात्र सवयीनं 18 वरच पाडलं जातं. मग ट्रॅपमधून पाणी 2 इंच चढून जावं अशी अपेक्षा! सगळं पाणी चढत नाही. उरलेलं पाइपात साचतं, त्यात भाताची शितं बसतात, आणि महिन्याभरात दोष सिंकवर येतो. तुम्ही भोक 14 वर धरलंत, दुसरं टोक 12 वर बाहेर काढलंत, आणि पाइप भिंतीत न गाडता कॅबिनेटच्या आत मागच्या बाजूनं नेलात. सुताराला ड्रॉवर 3 इंच आखूड करावे लागले, तो थोडा नाराज झाला. पण तो पाइप आता टाइल न फोडता उघडता येतो.

सिंकखाली घड्यांचा लवचिक वेस्ट पाइप तुम्ही लावू दिला नाहीत. प्रत्येक घडीत तेल अडकतं, आणि नागपुरी घरात तेल काही थोडं नसतं. सावजी रश्श्याचं पातेलं गरम पाण्यानं धुतलं की तर्री पातळ होऊन आत जाते आणि पुढे गार पाइपात गोठते. जानेवारीत पारा 10 च्या आसपास उतरला की तुंबलेल्या सिंकच्या तक्रारी वाढतात त्या यामुळेच. तुम्ही आतून गुळगुळीत, बिनघड्यांचा पाइप घेतला, बॉटल ट्रॅपऐवजी पी ट्रॅप लावला, वळणावर 90 अंशांच्या एका एल्बोऐवजी 45 चे दोन बेंड दिले आणि टोकाला डोअर बेंड (साफ करायला झाकण असलेलं वळण) बसवला. त्या डोअर बेंडचं झाकण कॅबिनेटमधून हातानं खोलता येईल अशा बाजूला वळवलंत. हे वळवणं फार थोडे लोक करतात. झाकण भिंतीकडे तोंड करून बसलेलं आम्ही कितीतरी ठिकाणी पाहतो.

बाहेरच्या उभ्या पाइपासाठी दुकानदार टाइप ए दाखवत होता, स्वस्त म्हणून. तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो. सांडपाण्याला टाइप बी लागतो, त्याची भिंत जाड. दिसायला दोन्ही राखाडीच, फरक पाइपावर छापलेल्या अक्षरात. इतवारीत लोहा ओळीकडे सामान घ्यायला जाणाऱ्यांनी एवढं एक अक्षर वाचून घ्यावं.

आता आत येणाऱ्या पाण्याबद्दल. तुम्ही सिंकपाशी न थांबता बिंदू मोजून घेतलेत: सिंकला गरम आणि गार, आरओ, भांडी धुण्याचं मशीन, मागची भांड्यांची मोरी आणि कूलर. कूलरचा बिंदू कोणाच्याच कागदावर नव्हता. नागपुरात राहून आम्ही तो विसरलो, याची रुखरुख आहे. एप्रिल ते जून खिडकीतला कूलर बादलीनं भरायचा आणि त्याच खिडकीखाली सिंकची नवी लाइन जात असताना अर्ध्या इंचाचा एक टी (फाटा काढायचा जोड) टाकायचा नाही, हे चुकलंच असतं. तो टी तुम्ही सिंकच्या फाट्यावर न घेता पाऊण इंची मुख्य लाइनवर घेतलात, म्हणजे कूलर भरत असताना सिंकची धार बारीक होत नाही. वेगळा कॉकही दिलात, पावसाळा लागला की बंद.

नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी मधे कॉक टाकून जोडून द्या, असा घरच्यांचा आग्रह होता. तुम्ही ठाम नाही म्हणालात. कॉक कधीतरी झिजतो, पूर्ण बंद होत नाही, आणि बोअरचं पाणी हळूच पिण्याच्या लाइनीत शिरतं. दाब उलटला तर रस्त्यावरच्या नळाकडेही जाऊ शकतं. पेंच-कन्हानचं, म्हणजे नळाचं पाणी सिंक आणि आरओला, बोअरचं जड पाणी फक्त मोरीला, दोन्ही लाइनी शेवटपर्यंत वेगळ्या.

नळ निवडतानाही तुमचं ऐकलं ते बरं झालं. ओढून लांब होणारा सिंकचा नळ घरच्यांना आवडला होता. टाकीतलं पाणी नळाच्या वर जेमतेम 10 फूट. त्यातून दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.3 किलोचा दाब मिळतो. तशा नळांना बहुधा याहून बराच जास्त दाब लागतो, नाहीतर फवाऱ्याऐवजी ठिबक सुरू होते. प्रेशर पंप बसवणार असाल तरच घ्या, नाहीतर मोठ्या तोंडाचा साधा स्विंग नळ घ्या, हे तुम्ही दुकानात जायच्या आधी सांगितलंत.

गच्चीवरच्या सीपीव्हीसी (प्लॅस्टिकच्या) पाइपाबद्दल एक गोष्ट इथल्या उन्हाशी बांधलेली आहे. 10 फुटांचा पाइप 40 अंशांनी तापला तर जवळपास 8 मिमी लांबतो. दोन्ही टोकं क्लॅम्पनं आवळून टाकली की तो धनुष्यासारखा वाकतो आणि ताण जोडावर येतो. तुम्ही क्लॅम्प सैल ठेवलेत, मधे वळण दिलंत, वरून गुंडाळून घेतलंत. जोडकाम सकाळी 9 च्या आत उरकलंत, कारण मे महिन्यात दुपारी सॉल्व्हंट (जोड चिकटवायचा द्रव) ब्रशवरच सुकतं; जोड बसलेला दिसतो पण आत चिकटलेला नसतो. डबा ओल्या फडक्यात, सावलीत, झाकण लावून. पितळी आट्यांवर फक्त टेफ्लॉन टेप. सुतळी-सफेदा लोखंडी पाइपांसाठी ठीक होता. प्लॅस्टिकच्या फिटिंगमध्ये सुतळी कोंबून आवळलं की ते तडकतं.

एक दृश्य मात्र डोळ्यांसमोर राहिलंय. कच्च्या भिंतीवर तुम्ही नव्या टाइलचे दोन तुकडे मसाल्यावर चिकटवले, त्यांवर लेव्हल पट्टी टेकवली, आणि पितळी एल्बोचं तोंड त्या पट्टीला अलगद लागेपर्यंत पाइप आत-बाहेर केला. टाइलची जाडी 8 ते 10 मिमी, खालचा मसाला वेगळा. एल्बो आत राहिला तर एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवायचा तुकडा) लागतो आणि प्रत्येक निपल म्हणजे गळतीची एक जास्तीची जागा. बाहेर आला तर अँगल कॉकची चकती टाइलला टेकत नाही. तुमच्या सहाही बिंदूंना एकही निपल लागला नाही.

मग चाचणी. सगळी तोंडं प्लगनं बंद, आतली हवा काढलेली, हातपंपानं 7 किलो दाब, आणि रात्रभर काटा तसाच. टाइलवाला दारात उभा होता तरी तुम्ही सकाळपर्यंत हात लावू दिला नाहीत. सांडपाण्याचीही चाचणी घेतलीत: सिंक काठोकाठ भरून एकदम बूच काढलं आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा धरला. थेंबभर ओलसुद्धा कागदावर लगेच दिसते.

शेवटी टेप लावून भिंतींचे फोटो काढून घेतलेत, आणि सिंकखालच्या शटरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून गेलात: तयार फरशीपासून प्रत्येक बिंदूची उंची, डाव्या कोपऱ्यापासूनचं अंतर, मुख्य बॉल व्हॉल्व्ह कुठे, कूलरचा कॉक कुठे. चिमणीचे किंवा फडताळाचे खिळे ठोकायला येणारा प्रत्येक जण आधी तो कागद वाचतो.

भाऊ, पुढच्या महिन्यात शहराच्या कडेच्या एका लेआउटमध्ये काम आहे. जमीन काळ्या मातीची आहे आणि बाहेरचा चेंबर आताच एका बाजूला कललाय, म्हणजे पाइपाखाली मुरूम टाकूनच सुरुवात करावी लागेल. ओट्याचं माप अजून कोणालाही दिलेलं नाही. गली ट्रॅपचं झाकण तुम्ही उघडून पाहिलंत की मगच देऊ.

तुमचे,
स्वयंपाकघरांची आखणी करणारे आम्ही सगळे, नागपूर