केबलला दोन टोके असतात

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

सुटे भाग निवडून घरच्या घरी संगणक कसा जुळवावा, याविषयीचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील सचित्र लेख वाचला. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांची तुलना लेखकाने मन लावून केली आहे आणि नवख्या माणसाची भीड चेपावी असा लेखाचा सूर आहे, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. मात्र पानभर मजकुरात एसएमपीएसच्या, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना चालेल अशी करून पुरवणाऱ्या डब्याच्या, वाट्याला एकच वाक्य आले आहे. उरलेल्या पैशांत एखादा चांगला एसएमपीएस घ्यावा, असे ते वाक्य आहे आणि त्यानेच मला हे पत्र लिहायला बसवले. गेली सोळा वर्षे मी स्वतः जुळवलेल्या संगणकावर काम करतो आहे. या काळात त्यातले प्रोसेसर चार झाले, कॅबिनेट एकच राहिले आणि एसएमपीएस एकदाच बदलला. त्या एका बदलाने मला जे शिकवले, ते चारही प्रोसेसरांनी मिळून शिकवले नाही.

'उरलेल्या पैशांत' हा शब्दप्रयोगच मुळात घातक आहे. संगणकातील प्रत्येक भाग ज्याच्यातून वीज घेतो, तो भाग यादीत सर्वांत शेवटी आला की त्याच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. शिवाय 'चांगला' म्हणजे कसा, हे खोक्यावरच्या ठळक आकड्यावरून कळत नाही. ते कळते बाजूला चिकटवलेल्या बारीक अक्षरांच्या तक्त्यावरून. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर भागवतात, ३.३ आणि ५ व्होल्टला आता फारसे गिऱ्हाईक उरलेले नाही. असे असताना खोक्यावर ५०० वॉट लिहिलेल्या एखाद्या जुन्या धर्तीच्या एसएमपीएसच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली २५ अँपिअर एवढाच आकडा असेल, तर गुणाकार ३०० वॉटचा होतो आणि उरलेले २०० वॉट आपल्या फारसे उपयोगाचे नसतात. हा गुणाकार दुकानातच करावा, घरी आल्यावर करून काही फायदा नाही.

एसएमपीएसवरच्या '८० प्लस' या शिक्क्याबद्दलही लेखात गैरसमजाला वाव राहिला आहे. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. संगणकाला ४०० वॉट लागत असताना ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ५०० वॉट ओढतो आणि मधले १०० वॉट उष्णता म्हणून वाया घालवतो. ९० टक्क्यांचा असेल तर हाच ओढा सुमारे ४४४ वॉटांवर येतो. विजेचे बिल आणि पंख्याचा आवाज या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. परंतु एसएमपीएसमधील संरक्षण यंत्रणा वेळेवर काम करते की नाही, किंवा त्याचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) किती वर्षे टिकतील, याची ग्वाही तो शिक्का देत नाही. वरच्या श्रेणीचा सोनेरी शिक्का पाहून निर्धास्त झालेली माणसे मी पाहिली आहेत आणि एकेकाळी मीही त्यांच्यातच होतो.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तर नाकापेक्षा मोती जड अशी अवस्था सर्रास दिसते. कार्डावर जी वॉटची संख्या लिहिलेली असते ती सरासरीची असते. प्रत्यक्षात क्षणाच्या अत्यंत लहान भागापुरती त्याची मागणी त्या संख्येच्या बरीच वर उसळी घेते. ही उसळी झेपली नाही की एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो आणि खेळ ऐन रंगात आला असताना समोरचा पडदा काळा होतो. मग माणूस रॅम काढून पुसतो, ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकतो, कार्ड परत करण्याची भाषा करतो, आणि खरा दोषी कॅबिनेटच्या तळाशी निवांत बसलेला असतो. संगणकाच्या भागांची मापे आणि वीजजोडणी ठरवून देणाऱ्या एटीएक्स मानकाच्या २०२२ साली आलेल्या ३.० या आवृत्तीत याची दखल घेतली गेली. त्या मानकाच्या मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता नेमून दिलेल्या शक्तीच्या दुपटीपर्यंतचा भार सोसावा, अशी अपेक्षा त्यात आहे. नवे कार्ड घेणाऱ्याने आपल्या एसएमपीएसच्या वॉटइतकेच त्याचे वयही विचारात घ्यावे, ते यासाठी.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तो सांगतो. माझा जुना एसएमपीएस दहा वर्षांचा झाल्यावर, तो चालू असतानाच, मी खबरदारी म्हणून नवा आणला. दोन्ही मॉड्युलर प्रकारचे होते, म्हणजे लागतील तेवढ्याच केबल त्यांच्या पाठीवरच्या खाचांत खोचायच्या. मदरबोर्डाची (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीची) २४ पिनांची जाड केबल आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल हाताशी होत्या, त्या मी बदलल्या. डिस्ककडे जाणारी केबल मात्र मदरबोर्डामागच्या पत्र्यावरून फिरवून पाच-सहा ठिकाणी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली होती. ते बांधकाम सोडवण्याचा मला कंटाळा आला. तिचे एसएमपीएसकडचे टोक ६ पिनांचे होते आणि नव्या एसएमपीएसवरही ६ पिनांचीच खाच होती. टोक जराही जोर न लावता आत गेले आणि खटकीसुद्धा बसली. मी बटण दाबले. टिक असा बारीक आवाज आला, पंख्यांनी अर्धी गिरकी घेतली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला.

त्या खाचेत कोणत्या पिनेवर किती व्होल्ट यावेत, याचा क्रम दोन्ही उत्पादकांनी आपापल्या सोयीने ठरवला होता. त्यामुळे डिस्कला जिथे ५ व्होल्ट हवे होते, तिथे १२ व्होल्ट पोहोचले. एक एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क) आणि एक हार्ड डिस्क अशा दोन्ही एका क्षणात गेल्या. एकीवर दुसरीची प्रत ठेवण्याचा शहाणपणा मी केला होता, पण दोन्हींना वीज एकाच केबलमधून मिळत होती, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. हार्ड डिस्कच्या सर्किटवरील संरक्षक डायोडने स्वतःचा बळी दिल्यामुळे, जाणकाराने तो काढून टाकल्यावर, तिच्यातला मजकूर परत मिळाला. एसएसडी मात्र कायमची गेली. तेव्हापासून माझी एक प्रत संगणकाच्या बाहेर, कोणत्याही केबलला न जोडलेल्या डिस्कवर असते.

चूक माझी होती, हे मी नाकारत नाही. माहितीपुस्तिकेत सोबतच्याच केबल वापराव्यात असे एक वाक्य होतेही. परंतु अशी चूक करणाऱ्याला यंत्राने कुठेच अडवू नये, याचे मला नवल वाटते. एटीएक्स हे मानक १९९५ पासून आहे आणि त्याने केबलचे भागांकडचे टोक इतके नेमके बांधून दिले आहे की उलटे बसवू म्हटले तरी बसत नाही. मदरबोर्डाच्या स्क्रूची भोके कॅबिनेटच्या भोकांशी जुळतात ती त्याच मानकाच्या पुण्याईने. म्हणूनच माझ्या सोळा वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये आजचा मदरबोर्ड मुकाट्याने बसला. (नवे ग्राफिक्स कार्ड ३०० मिलिमीटरहून लांब निघाल्यामुळे पुढचा डिस्कचा पिंजरा तेवढा काढावा लागला.) एवढी शिस्त असलेल्या व्यवस्थेत केबलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे एसएमपीएसकडच्या खाचेला, कोणतेही सर्वमान्य मानक नाही. खाचा दिसायला सारख्या असतात आणि आतली जोडणी निराळी असते. काही वेळा तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती निराळी असते. सर्व उत्पादकांनी एकच क्रम स्वीकारावा, ही अपेक्षा मोठी वाटत असेल तर निदान प्रत्येक केबलच्या त्या टोकावर मॉडेलचे नाव छापावे. एका छापील पट्टीने माझ्या डिस्क वाचल्या असत्या. आपल्या पुरवणीने हा मुद्दा उत्पादकांपुढे मांडावा, अशी माझी विनंती आहे.

नव्या शक्तिशाली कार्डांच्या १६ पिनांच्या जोडणीबाबतही लेखात एखादा परिच्छेद हवा होता. बोटभर रुंदीच्या त्या तोंडातून ६०० वॉटांपर्यंत वीज वाहू शकते आणि तोंड पूर्ण आत गेले नाही तर थोड्या जागेतून मोठा प्रवाह जाऊन प्लॅस्टिक वितळते. २०२२ च्या अखेरीस असे प्रकार जगभर गाजले आणि पुढच्याच वर्षी या जोडणीची सुधारित आवृत्ती आली. खटकी ऐकू येईपर्यंत दाबणे, तोंडाजवळ केबल लगेच न वाकवणे आणि कॅबिनेटची काच केबलला टेकत नाही ना हे पाहणे, एवढी काळजी वापरणाऱ्याच्या हातात आहे.

मदरबोर्डाच्या निवडीविषयी लेखकाशी माझा मतभेद थोडाच आहे. त्यांनी पोर्टांची संख्या मोजली आहे. मी आधी सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचे, आयुष्य मोजतो. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ साली आले आणि २०२२ सालीही त्याच्यासाठी नवे प्रोसेसर निघत होते. याउलट इंटेलचे २०१५ सालचे ११५१ पिनांचे सॉकेट २०१७ मध्ये पिनांची संख्या तीच ठेवून नव्या पिढीसाठी असे बदलले की जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर अधिकृतपणे चालेना. पिना मोजून बोर्ड घेणाऱ्याची अशी फसगत होते. शिवाय जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डातली प्रणाली) आधीच अद्ययावत करावा लागतो, आणि जुना प्रोसेसर विकून मोकळे झालेल्या माणसाला हे उशिरा कळते. प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरून घेणारे बटण ज्या बोर्डावर असते, तो बोर्ड मी दोन पोर्ट कमी असले तरी पसंत करीन. बोर्डाची पुस्तिका खरेदीपूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचावी, हेही सुचवतो. दुसरी एम.२ एसएसडी, म्हणजे थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी, बसवल्यावर माझी एक साटा डिस्क, म्हणजे केबलने बोर्डाला जोडलेली, अदृश्य झाली होती. त्या खाचेत एसएसडी असल्यास साटाचे पाचवे आणि सहावे पोर्ट बंद होतात, ही ओळ पुस्तिकेच्या तळटिपेत होती आणि ती शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

जुळवलेल्या संगणकासोबत वर्षानुवर्षे राहण्याचा प्रश्न शेवटी धुळीपाशी येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंश सेल्सिअसने कमी राहिले तर त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, असा विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा आहे. एसएमपीएसचे वय अशा कपॅसिटरांवरच अवलंबून असते. त्यामुळे तळाच्या जाळीवर साचलेला धुळीचा थर हा त्याच्या आयुष्याचा हिशेब ठरतो. मी दर तीन महिन्यांनी ती जाळी काढून धुतो आणि वाळल्यावरच बसवतो. हवेचा फवारा मारून पंखे साफ करताना पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होत नाही. एसएमपीएसचे झाकण मात्र कोणीही घरी उघडू नये; प्लग काढल्यानंतरही त्याच्या आत जीवघेणा विद्युतभार काही काळ शिल्लक राहू शकतो.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्रात रॅमच्या दोन्ही पट्ट्या प्रोसेसरलगतच्या पहिल्या दोन खाचांत बसवलेल्या दिसतात. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर शेजारच्या या दोन खाचा एकाच चॅनेलच्या, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेच्या, असतात. त्यामुळे दोन पट्ट्या घेऊनही एकाच चॅनेलचा वेग मिळतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण संगणक सुरळीत चालू असतो. प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरी आणि चौथी खाच वापरावी, असे बहुतेक पुस्तिकांत सांगितलेले असते. चित्र पाहूनच भाग बसवणारे वाचक बरेच असतील. तेव्हा ही दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक