मंत्रिमहोदय, पिवळी पडलेली कोथिंबीर कोणत्या खात्यात येते?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
परिवहन, ऊर्जा, बांधकाम (ज्यांच्या टेबलावर हा कागद येईल ते),
मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

कामाच्या व्यापातून वेळ काढून आपण हे पत्र वाचाल अशी आशा आहे. मी आडगावचा. एक आयशर आहे, तीही अजून निम्मी फायनान्सवाल्याची. संध्याकाळी नाशिकच्या बाजार समितीत पालेभाजीचा लिलाव झाला की माल भरायचा आणि रातोरात वाशी गाठायची, हा धंदा. ऊठसूट तक्रारी करणाऱ्यांतला मी नाही. पण जूनमध्ये आपल्यातल्याच एका साहेबांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की गणपतीच्या आत मुंबई-नाशिक रस्त्यावर खड्डा औषधालाही सापडणार नाही. गणपती आले, पाहुणचार घेऊन गेलेही. खड्डे मात्र मुक्कामाला आहेत.

गेल्या आठवड्यात गाडीत कोथिंबीर होती. आसनगावच्या अलीकडे जी रांग लागली, ती उजाडेपर्यंत चार-चार हात सरकत राहिली. इंजिन बंद करायची सोय नाही. पुढचा हलला आणि आपण हललो नाही की मागचे हॉर्न मारून जीव घेतात. सात-आठ लिटर डिझेल जागच्या जागी जळालं असेल. पण डिझेलपेक्षा वाईट गोष्ट मागे हौद्यात चालली होती. कोथिंबीर ढिगात पडून राहिली की आतून तापते. ताडपत्री उचलून हात घातला, तर मधल्या जुड्या चक्क गरम लागत होत्या. वरचा थर हिरवागार, त्याखालचा पिवळा आणि तळाशी काळपट पाला, बोटांना चिकटणारा. पाणी मारलं तर सडते, नाही मारलं तर सुकते. शेतकऱ्याने आदल्या दिवशी उपटून, मुळं धुऊन, बायका लावून बांधलेल्या जुड्या त्या.

वाशीत पोचलो तेव्हा बाजार उठायला आला होता. व्यापाऱ्याने एक जुडी हातात घेतली, झटकली, खाली टाकली. शेकडा काय लावला ते लिहीत नाही, ज्याचा माल होता तो हे वाचू शकतो. आणि माझं भाडं? 'गाडी लेट' म्हणून निम्मं कापलं. खड्डा मी खणला नव्हता, पण दंड मी भरला.

आता आपण म्हणाल, समृद्धी महामार्ग आहे की. आहे ना. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला खुला केलात, एकूण 701 किलोमीटर पूर्ण झाले. बोगद्यातून एकदा गेलो, छातीच फुगली. पण पालेभाजीच्या भाड्यात तो टोल बसवायचा तर ड्रायव्हरला उपाशी ठेवायला हवं. आणि टोल भरून आमण्याला उतरलं तरी पुढे वडपे ते माजिवडा तेच रडगाणं, शिवाय ठाण्यात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा. श्रीमंत रस्त्याने लवकर पोचायचं आणि गरीब रस्त्यावर रांगेत उभं राहायचं.

पत्राच्या वर तीन खाती लिहिली, ती चेष्टा म्हणून नव्हे. रस्त्याबद्दल विचारलं तर 'तो केंद्राचा'. डिझेलबद्दल विचारलं तर 'भाव कंपन्या ठरवतात'. विजेबद्दल विचारलं तर 'वरूनच ट्रिप झालं'. तू राणी, मी राणी, कोण भरेल पाणी? माझ्या गाडीत मात्र या सगळ्यांचं बिल एकाच भाड्यातून निघतं.

डिझेलचंच घ्या. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल सरकारने बाजारावर सोडलं. म्हणजे जगात तेल महागलं की आम्ही जास्त द्यायचे आणि उतरलं की आम्हाला कमी पडायचं, बरोबर? मे 2020 मध्ये जगात तेल मातीमोल झालं, तेव्हा डिझेलवर लिटरमागे 13 रुपये अबकारी वाढवलीत. पुढे दोन टप्प्यांत ती उतरवलीत, तेही खरं. पण पडलेल्या भावाचा फायदा आमच्या टाकीत कधी आलाच नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त परदेशातून येतं, हे तुम्हीच भाषणात सांगता आणि डिझेल जपून वापरा म्हणता. मग ते रांगेत जाळायला का लावता? नव्वदच्या घरातल्या लिटरमध्ये माझ्या हिशेबाने तीसेक रुपये केंद्र आणि राज्य मिळून घेतात. म्हणजे त्या रात्री मी आसनगावला उभा राहून सरकारलाच दोन-अडीचशे रुपये दिले. खड्ड्यात उभं राहण्याचं भाडं म्हणा हवं तर.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, 'एक देश एक कर' झाला. डिझेल बाहेर, वीजही बाहेर. देशाचा गाडा ज्या दोन गोष्टींवर चालतो, नेमक्या त्याच बाहेर. त्यामुळे टायरवर भरलेल्या जीएसटीचा परतावा मागणारे कागद तरी असतात, डिझेलवरच्या कराला कागदच नाही.

आणखी एक गंमत. 1 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी 2,092 कोटी जाहीर झाले. टायरवर धावणारी, विजेवरची गाडी! आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. त्याच भाषणात डिझेलवर लिटरमागे 4 रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला. दुसरी अबकारी कमी केली, म्हणून पंपावर भाव वाढला नाही, मान्य. पण शेतीच्या नावाने गोळा होणारा तो पैसा तेव्हापासून न चुकता जमा होतो आहे आणि मेट्रोचा एक खांबही नाशिकने पाहिलेला नाही. उपकराला अलाइनमेंट लागत नाही, डीपीआर म्हणजे प्रकल्प अहवाल लागत नाही, भूसंपादन लागत नाही. नाशिक-पुणे रेल्वेला लागतं. ती आधी नारायणगावकडून जाणार होती, मग खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची अडचण निघाली, आता शिर्डीकडून वळवायच्या गोष्टी चालल्या आहेत. दुर्बीण तिथे आधीपासून होती हो, रात्रीतून उगवली नव्हती.

माझा मेव्हणा दिंडोरीकडे. त्याचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. द्राक्ष तोडलं की काही तासांत प्रीकूलिंगला लावून त्यातली उष्णता काढावी लागते, नाहीतर देठ सुकतो आणि युरोपवाला माल नाकारतो. भर फेब्रुवारी-मार्चमध्ये फीडर, म्हणजे वीजवाहिनी, ट्रिप होतो. मग जनरेटर सुरू, म्हणजे परत डिझेल. तिथून रेफर (थंडगार) कंटेनर निघतो न्हावा-शेवाला. तो ओढायलाही डिझेल आणि आतली थंडी राखायलाही डिझेल. रस्त्यात अडकला की दोन्ही जळतं. आता सांगा, हा विजेचा प्रश्न, रस्त्याचा की निर्यातीचा? कोथिंबिरीसाठी आमच्याकडे शीतगृह का नाही, असं एका अधिकाऱ्याने मला विचारलं होतं. साहेब, वीज द्या, मग बर्फाचा हिशेब करू.

एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आमच्या उशाला. 210 मेगावॉटचे तीन संच. विदर्भातून कोळशाच्या वाघिणी येतात, राख आमच्या छपरांवर बसते, वीज ग्रिडमध्ये जाते. 660 मेगावॉटचा नवा संच येणार, येणार म्हणून किती निवडणुका झाल्या ते आता मोजत नाही.

रेल्वेबद्दल बोलतो, कारण घाटात तीच माझ्या शेजारून जाते. कसारा ते इगतपुरी 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे, मागून बँकर इंजिन लावावी लागतात. मध्य रेल्वेचा सगळा ब्रॉडगेज मार्ग फेब्रुवारी 2023 मध्ये विजेवर आला. नवी इंजिनं घाट उतरताना ब्रेक लावून वीज तयार करतात आणि तारेत परत देतात. आम्ही भरल्या गाडीने तोच घाट उतरतो आणि ब्रेकचे लायनर जाळतो, धूर बघून मागचा माणूस हात दाखवतो. नाशिकची भाजी उताराने मुंबईला जाते, देवाने दिलेली सोय आहे ही! मग तिला रोज रात्री दोन डबे का नाहीत? 7 ऑगस्ट 2020 ला देशातली पहिली किसान रेल आमच्या देवळालीतून निघाली, दानापूरला गेली. भाड्यात 50 टक्के सवलतही देत होतात. बिहारला भाजी पोचवण्याची इच्छा झाली, कौतुकच आहे. मुंबई तर जवळ आहे.

विजेवरचा ट्रक घे, असं आता सांगतात. केंद्राच्या योजनेत 9.6 लाखांपर्यंत मदत आहे म्हणे, जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट दाखवायचं. माझ्या आयशरवर फायनान्सवाल्याचा बोजा, ती मी भंगारात कशी काढू? आणि समजा घेतला, तर रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रकला आसनगावच्या कुठल्या ढाब्यावर चार्जिंग लावू? एसटीचंही तेच झालं. विजेवरच्या 5,150 बस भाड्याने घेण्याचा करार झाला, बस वेळेवर आल्या नाहीत. तिकीट मात्र जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्क्यांनी वेळेवर वाढलं.

या सगळ्या गोष्टी एकमेकींत किती गुंतल्यात ते तुम्हाला एकदाच कळलं होतं. 1 जानेवारी 2024. 'हिट अँड रन'च्या कायद्याविरुद्ध ड्रायव्हर उतरले, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून टँकर निघेनात, संध्याकाळपर्यंत नाशिकच्या पंपांवर रांगा आणि दुसऱ्या दिवशी भाजीचे भाव कडाडले. दिल्लीला ट्रकवाल्यांशी बोलायला वेळ मिळाला. एरवी स्टिअरिंगवरचा माणूस कुणाला दिसतो? रात्र-रात्र केबिनमध्ये बसून माझी कंबर गेली, पित्ताच्या गोळ्या डॅशबोर्डवर असतात, मुलीच्या कॉलेजची फी या महिन्यात पुन्हा उसनी घेतली. थोरला स्पष्ट म्हणाला, हा धंदा मी करणार नाही. बोलावं तरी काय त्याला?

सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, म्हणून शहरात रस्त्यांची गडबड चालू आहे. साधूंसाठी बारा वर्षांनी रस्ते होतात, उत्तम. आम्ही रोज रात्री जातो, ही आमची चूक असावी.

मागायचं म्हणाल तर फार नाही. नाशवंत माल भरलेल्या गाडीला रात्री समृद्धीवर टोल माफ करा. डिझेल जीएसटीत घ्या. द्राक्षाच्या हंगामात पॅकहाऊसचे फीडर वेगळे ठेवा. देवळालीहून रात्रीचे दोन डबे जोडा. आणि खड्ड्यांची तारीख पुन्हा जाहीर करणार असाल तर सण तेवढा सांगू नका.

उत्तर अवश्य पाठवा. फक्त 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे' असं नको. वर्ग केलंच, तर तो संबंधित विभाग कोणता, मजला कितवा आणि तिथे फोन कोण उचलतं, तेवढं कळवा.

आपला,
एका आयशरचा निम्मा मालक,
आडगाव, नाशिक