‘इंग्रजांचं चर्च’ आणि आजोबांची मोडी सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुलाब्याच्या जुन्या इमारतींवरचा आपला लेख वाचला. ताजच्या मागचं बोवेन मेमोरियल मेथॉडिस्ट चर्च त्यात ‘इंग्रजांचं चर्च’ म्हणून एका ओळीत उरकलंय. मेथॉडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ. त्याच्या मुंबईतल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, मी लहानाची मोठी झाले. आता 74 वर्षांची आहे. ती ओळ काही पचली नाही.

जॉर्ज बोवेन इंग्रज नव्हतेच, अमेरिकन होते. 1848 साली अमेरिकन मराठी मिशनमार्फत मुंबईत आले, मराठी शिकले आणि रस्त्यात उभे राहून मराठीत उपदेश करू लागले. थोड्याच दिवसांत मिशनचा पगार नाकारला आणि बाजारात साध्या खोलीत राहू लागले. ‘बॉम्बे गार्डियन’चे ते अनेक वर्षं संपादक होते, म्हणजे तुमच्याच धंद्यातले. 1888 मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत.

1871च्या अखेरीस अमेरिकन मेथॉडिस्ट धर्मप्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले. त्यांनी घराघरांत सभा घेतल्या आणि 1872 मध्ये मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. बोवेन तिला येऊन मिळाले. सुरुवातीला इंग्रजी बोलणाऱ्यांचाच भरणा होता, हे कबूल. पण टेलरांचा हट्ट असा, की पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, खर्च मंडळीने उचलायचा, परदेशी मिशनच्या पैशावर विसंबायचं नाही.

तो खर्च उचलणं म्हणजे काय, ते मी घरात पाहिलंय. वडील आमच्या मंडळीचे खजिनदार. रविवारी उपासना आटोपली की दानाची नाणी पितळी परातीत ओतून मोजायचे. संध्याकाळी आई तीच परात चिंचेने घासून कणीक मळायला घ्यायची, तोंडाने पुटपुटत.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आमचं चर्च ऐनवेळी बाहेर राहिलं. समोरच्या खोलीतले काका अँग्लिकन, ते नव्या चर्चमध्ये गेले. वडील आणि ते महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी नाताळच्या करंज्यांचं ताट इकडून तिकडे गेलं, तेव्हा कुठे तोंडं उघडली. पुढे 1981 मध्ये आमचं मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं. त्याचा मात्र घरात फारसा गाजावाजा झालेला आठवत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मंडळीची लग्नाची जुनी नोंदवही मी उघडली होती. सगळे रकाने इंग्रजीत, आजोबांच्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं. खाली त्यांची सही मोडीत, आणि शेजारी आजीचा निळसर अंगठा. त्या पानाचा फोटो तेव्हा काढला नाही, याची आजही चुटपुट लागते.

मुंबईच्या दमट हवेत असे कागद फार टिकत नाहीत. ज्यांच्या घरी जुन्या नोंदवह्या, उपासनेचे फोटो, पावतीपुस्तकं असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता आपापल्या पाळकांकडे द्यावीत, एवढं आवाहन आपण छापावं. आणि लेखातली ती ओळही जमल्यास दुरुस्त करावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुंबई