शाहू स्टेडियमच्या आठवणी ट्रंकेतून बाहेर काढा : कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेमींना आवाहन

कोल्हापूरच्या समस्त फुटबॉलप्रेमी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

छत्रपती शाहू स्टेडियमवर खेळलेल्या, गॅलरीत उन्हातान्हात बसून घसा फोडलेल्या आणि घरी राहून निकालाची वाट बघितलेल्या प्रत्येकाकडं आमचं एक मागणं आहे. या मैदानाशी संबंधित जे काही तुमच्या घरात असेल, ते आम्हाला बघू द्या आणि त्याची प्रत काढू द्या. संघाचा फोटो, सामन्याचं तिकीट, स्पर्धेचं हँडबिल, वर्तमानपत्राचं कात्रण, जुनी जर्सी, खिळ्यांनी स्टड ठोकलेले बूट, माळ्यावर पडलेली शिल्ड, काहीही चालेल. आणि ज्यांना जमेल त्यांनी या कामाला पैशानं हातभार लावावा.

आम्ही वेगवेगळ्या पेठांतले जुने खेळाडू, प्रेक्षक आणि कॉलेजात शिकणारी काही मुलंमुली आहोत. आमच्यातले काहीजण पूर्वी याच मैदानावर एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले आहेत. आज ते एका टेबलाशी बसून फोटोंतले चेहरे ओळखताहेत.

बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूरचं फुटबॉल पटकन समजत नाही. क्लबच्या नावात ‘तालीम’ कशाला, असं तो विचारतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावंच आपला इतिहास सांगतात. राजर्षी शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीचं वेड लावलं, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांत तालमी घुमू लागल्या. पुढं राजाराम महाराजांच्या काळात फुटबॉललाही राजघराण्याचा आश्रय मिळाला. लाल मातीत मेहनत करणाऱ्या त्याच पोरांनी संध्याकाळी चेंडू पायात घेतला. गणपती, नवरात्र, कुस्ती आणि फुटबॉल एकाच तालमीच्या छताखाली वाढले. म्हणून इथं संघ हरला की अख्खी पेठ हरते.

शाहू स्टेडियमची जागाही अशीच बोलकी आहे. इथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. त्यातली कितीतरी बुजली, कुणाचं मैदान झालं, कुणाची मंडई. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी स्टेडियम झालं, आणि शेजारचं देऊळ तेवढं जुन्या पाण्याची खूण म्हणून राहिलं. तळ्याचा किंवा मैदान होत असतानाचा एखादा फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल, तर तो आम्हाला सगळ्यात आधी हवा आहे.

दिवाळी झाली की केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी सुरू होते आणि गावात चर्चेला ऊत येतो. कोण कुठल्या तालमीकडून सही करणार, कुणाला कुणी फोडलं, कोण मूळ पेठेत परत आला. त्यानंतर वरिष्ठ गटातल्या सोळा संघांची लीग आणि मग एकामागून एक चषक, ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. भर दुपारी हलगी वाजते, दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं. अलीकडं परदेशी खेळाडूही तालमींच्या जर्सीत दिसू लागले, आणि त्यांची नावं पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी बसली. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा कोल्हापूरकरांना आनंद झाला, आश्चर्य मात्र वाटलं नाही.

निकाल वर्तमानपत्रांच्या फायलींत सापडतील. गोल कुणी, कितव्या मिनिटाला केला, तेही सापडेल. पण तो पास कुठून आला, टायब्रेकरला कुणाचे पाय लटपटले, जिंकल्यावर मिरवणूक कुठल्या गल्लीतून गेली, चामड्याचा चेंडू फाटल्यावर तो कोण शिवून द्यायचं, पाऊस झाल्यावर मैदानातलं पाणी कोण उपसायचं, हे फक्त माणसांना ठाऊक आहे. ती माणसं आता थकली आहेत. दर हंगामाला गॅलरीतली एखादी नेहमीची जागा रिकामी होते आणि तिच्याबरोबर अख्खं दशक जातं. आमच्या घाईचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर, दुधाळी भागांतल्या घरांत पाणी शिरलं. ट्रंका भिजल्या, फोटो एकमेकांना चिकटले, वह्यांचा लगदा झाला. असे चिकटलेले फोटो घरी सोडवू नका, टाकूनही देऊ नका. जसे आहेत तसे दाखवा. त्यातले काही अजून वाचवता येतात.

आणि ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कुणी विसरलेलं नाही. खासबागेला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. वास्तू पुन्हा बांधता येते, पण ती मूळची कशी होती हे सांगायला जुने फोटो आणि कागद हाताशी असावे लागतात. स्टेडियमच्या बाबतीत ती वेळ येईपर्यंत थांबायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

आतापर्यंत आमच्याकडं आलेलं बहुतेक साहित्य जिंकलेल्या संघांचं आहे. ते स्वाभाविक आहे, पण पुरेसं नाही. खालच्या गटात वर्षानुवर्षं खेळलेले आणि एकही चषक न मिळालेले संघ आम्हाला हवे आहेत. पंच हवेत, रेषेवर झेंडा घेऊन पळणारे हवेत, मैदानाची निगा राखणारे हवेत. बायकांच्या आठवणी तर फारच कमी आल्या आहेत. २०१७ च्या अखेरीस महिलांच्या राष्ट्रीय लीगची पात्रता फेरी कोल्हापुरात झाली, पुढं एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली त्या लीगमध्ये खेळल्या. त्या मुलींनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि त्याही आधी भावाची जर्सी धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या बहिणींनी बोलावं, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

भांडणंसुद्धा सांगा. हुल्लडबाजीमुळं सामने थांबले, खेळाडूंना मार बसला, पोलिसांना गॅलरीत शिरावं लागलं, हेही या मैदानावर घडलेलं आहे. ते झाकून इतिहास लिहिला, तर नव्या पोरांच्या हाती फक्त जल्लोष लागेल. मात्र कुणाची बदनामी होईल असा मजकूर आम्ही नावासह ठेवणार नाही.

वस्तू आमच्याकडं ठेवून घेणार नाही. फोटो आणि कागद तुमच्या समोर स्कॅन करून लगेच हातात परत देऊ. शिल्ड, जर्सी, बूट यांचे फोटो काढू. फोटोच्या मागं काही लिहिलं असेल तर तीही बाजू घेऊ, कारण तारीख आणि नावं बहुधा तिथंच असतात. ज्यांना बाहेर पडणं जमत नाही, त्यांच्या घरी आमची मुलं येतील आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतील. तासाभराची उसंत आणि एक कप चहा पुरे. सगळं जमल्यावर एक संच केएसएला आणि एक करवीर नगर वाचन मंदिराला देऊ करणार आहोत, म्हणजे कुणालाही बघता येईल. निवडक फोटोंचं प्रदर्शन पुढच्या हंगामाच्या तोंडावर भरवायचं आहे.

पैसे लागतात ते चांगला स्कॅनर, हार्ड डिस्क, रेकॉर्डर, भिजलेले फोटो जाणकाराकडून सोडवून घेणं आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणाऱ्या मुलांचं मानधन, यासाठी. शंभर रुपयेसुद्धा कमी नाहीत. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च प्रदर्शनाच्या दारात लावला जाईल. देणगीदारांचे डिजिटल फलक मात्र लागणार नाहीत. गावात त्यांची कमतरता नाही. पुण्या-मुंबईत, आखातात, अमेरिकेत असलेल्या कोल्हापूरकरांनी पैशाइतकीच दुसरी एक मदत करावी : गावाकडं फोन करून आपल्या वडिलांना, काकांना, मामांना बोलतं करावं आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवावं.

साहित्य किंवा देणगी द्यायची असेल, तर आपल्या पेठेतल्या तालमीत निरोप ठेवा. प्रत्येक तालमीतला एकेक कार्यकर्ता या कामात आहे, तो तुमच्यापर्यंत पोहोचेल. फोटोतले सगळे चेहरे ओळखू येत नसले तरी आणा. ओळखणारे आमच्या टेबलाशी बसलेले आहेत.

आपले,
शाहू स्टेडियमच्या आठवणी गोळा करणारे सर्व कार्यकर्ते, कोल्हापूर