मगरीचा काठ आपणच खणून नेला

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्याकडं उसात मगर दिसली, फॉरेस्टवाले आले, व्हिडिओ फिरले आणि जो तो म्हणायला लागला की मगरी लई वाढल्यात. मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठी लहानाचा मोठा झालो, म्हणून लिहितोय. आमच्या मळीला, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानाला, नदीच्या बाजूनं दोन पुरुष उंच उभी दरड होती, तिच्यात हात जाईल एवढी भोकं, वेड्या राघूची नि खंड्याची, म्हणजे या पाखरांची घरटी. उन्हाळ्यात राघू चोचीत माशी धरून भोकात शिरायचा, क्षणात रिकामा बाहेर, आम्ही पोरं तासन्‌तास बघत बसायचो. आता ती दरडच नाही. माती वीटभट्टीला गेली, जेसीबीनं पाडलेला खड्डा तेवढा राहिलाय आणि प्रत्येक पुरात अजून थोडं रान ढासळतंय.

मगर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या वाळूत नाहीतर मऊ मातीत खड्डा काढून अंडी घालते, पिल्लं निघायला दोनेक महिने लागतात. आणि नेमकं तेव्हाच नदी खाली गेलेली असते म्हणून माती-वाळूचे डंपर पण तेव्हाच जोरात. तिनं जायचं कुठं? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत, पण तिचा काठ मात्र ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटाच्या मापानं, विकला जातो.

घर बांधताना मीसुद्धा नदीचीच वाळू घेतली. चाळताना चाळणीवर मूठमूठ शिंपले राहायचे, ते कचरा म्हणून फेकले. पाणी गाळून स्वच्छ ठेवणारे जीव होते ते, नंतर कळलं, फार वाईट वाटलं. वाळू गेली की तळ खडकाला लागतो, पाणी मुरत नाही, काठच्या विहिरी पण खोल जातात. क्रश सँड वापरा म्हणतात, वापरावी, पण तीही कुठला तरी डोंगर फोडूनच येते. जगात वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू-खडी लागते असं संयुक्त राष्ट्रांचा २०२२ चा अहवाल सांगतो, तेव्हा बांधकामं थांबणार नाहीत हे मलाही कळतं.

मागणी एकच. परवाना देण्याआधी तलाठ्याबरोबर वनविभागाचा माणूस काठावर जाऊन बघू दे, आणि जिथं दरडीत भोकं आहेत, मगरीचा वावर आहे तो पट्टा परवान्यातनं कायमचा वगळा. शेजारच्या शिवारात अशी एक दरड अजून शिल्लक आहे, यंदाही राघू आलेत, भोकाखाली ताजी माती पडलेली दिसते. पण भट्टीवाल्याचा टेप तिथंही लागून गेलाय.

– कृष्णाकाठचा एक शेतकरी, ता. पलूस, जि. सांगली