माननीय पर्यटनमंत्री, पायी चालणाऱ्याला एक रात्र द्या

मा. पर्यटनमंत्री यांस,
स. न. वि. वि.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन दिवसच्या दिवस शेतांच्या कडेने, गावाबाहेरच्या पायवाटांनी चालणाऱ्यांपैकी मी एक. चालायला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो रात्रीचा, आणि आपल्या खात्याच्या योजनांत त्या रात्रीचा विचार कुठेच दिसत नाही. कॅम्पिंग म्हटलं की गालिचे अंथरलेले, आधी बुक करायचे तंबूच पुढे येतात. ते आम्हाला परवडत नाहीत, आणि आमच्या वाटेवर नसतातही.

ऊन कलू लागलं की चालणाऱ्याचे डोळे जमीन शोधू लागतात. तंबूपुरती सपाट, पाणी साचणार नाही अशी, वर वाळकी फांदी लटकत नसलेली, ओढा जवळ पण पात्राच्या बाहेर. अशी जागा मिळते. शेतमालक भेटला तर बहुधा ‘राहा की’ म्हणतो; त्याला विचारलेलं आवडतं. जागा सरकारी असली की मात्र विचारायचं कोणाला? मला एका कार्यालयाने दुसरीकडे धाडलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे, तोवर अंधार पडला. मग लोक लपून तंबू टाकतात, आणि लपून राहणाऱ्याचा गावाला संशय येणारच.

नॉर्वेत १९५७च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात, राहत्या घरापासून किमान १५० मीटरवर, दोन रात्रींपर्यंत कोणाला न विचारता तंबू लावता येतो. स्कॉटलंडने २००३ साली कायद्याने असाच हक्क दिला. तो जबाबदारीने वापरायचा ही अट त्यातच आहे, आणि उभं पीक त्यातून वगळलं आहे. अमेरिकेतल्या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या ॲपलेशियन ट्रेलवर तर झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्या वाट दाखवतात, मुक्कामाला तीन भिंतींचे साधे निवारे आहेत, आणि देखभालीचं बरंचसं काम स्वयंसेवक करतात. यातलं काहीच फार खर्चाचं नाही.

शेतकऱ्यांची भीती मला खोटी वाटत नाही. उघडं राहिलेलं फाटक, विझवायची राहिलेली शेकोटी, मागे टाकलेलं प्लास्टिक यांचा भुर्दंड त्यांनाच बसतो. म्हणून नियम कडक असू द्या: उशिरा तंबू लावायचा, सकाळी लवकर काढायचा, शेकोटी बंद, स्वयंपाक स्टोव्हवर, शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, कचरा सगळा परत सॅकमध्ये. हे पाळायला आम्ही एका पायावर तयार आहोत.

आमचं मागणं एवढंच आहे. सरकारी पडीक जमिनीवर, जिथे वन्यजीवांना त्रास होणार नाही तिथे, एका रात्रीचा मुक्काम कायदेशीर करा. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच. लांबच्या वाटांवर पिण्याच्या पाण्याच्या जागा नकाशावर दाखवा. नियमांचा मसुदा काढाल तेव्हा पहिल्या हरकती वाटेवरच्या शेतकऱ्यांकडून मागवा, आणि त्या बैठकीला आम्हालाही बोलवा. आम्ही चालत येऊ.

कळावे,
एक पायी प्रवासी