भांडवल नव्हे, खर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत थोडक्या भांडवलात कॅसिनोतला पोकर कसा खेळावा, यावर लेख आला होता. लेख चुरचुरीत आहे, पण टेबलावर बसून लिहिलेला वाटत नाही. मी बसून आले आहे. महिन्यापूर्वी, आयुष्यात पहिल्यांदा, वयाच्या ६१व्या वर्षी. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या खातेवह्या लिहिल्यामुळे जुगार म्हटलं की माझा हात आपसूक खर्चाच्या रकान्याकडे जातो, म्हणून हे पत्र.

आधी ‘भांडवल’ या शब्दाचं बघू. माझा भाचा हा खेळ बरीच वर्षं खेळतो. निघताना मी त्याला पाकीट दाखवून म्हटलं, “हा माझा बँकरोल.” तो म्हणाला, “मावशी, ही एका बैठकीची रक्कम झाली. बँकरोल म्हणजे फक्त खेळासाठी बाजूला काढलेली सगळी गंगाजळी.” नियमाने खेळणारे एका बैठकीच्या वीस-तीस पट रक्कम राखून असतात, कारण नीट खेळूनही ओळीने पाच-सहा बैठका हरणं अगदी शक्य असतं. ज्याच्याकडे एकाच बैठकीपुरतं आहे त्याचं ते भांडवल कसलं? मी तर घरातून निघण्याआधीच ती रक्कम खर्ची टाकली होती. त्यामुळे रात्री झोप लागली.

दुसरं, ही रक्कम चलनात मोजून काही कळत नाही. बिग ब्लाइंडमध्ये मोजावी लागते. ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं, ही माझी समजूत आधी पुसावी लागली. इथे डीलरच्या बटणाच्या (दर डावाला एक जागा पुढे सरकणारी खूण) डावीकडचे दोघे पानं वाटण्यापूर्वी सक्तीची रक्कम टाकतात. पहिला लहान, दुसरा मोठी, बहुधा दुप्पट. ती मोठी म्हणजे बिग ब्लाइंड. माझ्याकडे शंभर होते. पन्नास घेऊन मी बसले, उरलेल्या पन्नासांचं पाकीट भाच्याकडे दिलं आणि त्याला मुद्दाम दुसऱ्या टेबलावर बसायला लावलं.

प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात, बाकीची पाच सगळ्यांसाठी मधे उघडी मांडतात. पहिल्याच तासात मला दोन राण्या आल्या, इस्पिक आणि बदाम. सुरुवातीलाच जोडी हातात येण्याचा योग सतरा डावांत एकदा, त्यात ही मोठी जोडी. पाच बिग ब्लाइंडपर्यंत वाढवायचं ठरवलं. नेमकी तेवढ्याच किमतीची एक चिप होती, ती मी गुपचूप पुढे सरकवली. डीलर शांतपणे म्हणाली, “कॉल.” आणि चार चिप्स परत माझ्याकडे आल्या. तोंडाने ‘रेझ’ न म्हणता एकच मोठी चिप टाकली तर ती फक्त बरोबरी धरतात, हा नियम मला ठाऊक नव्हता. माझा चेहरा पडला. शेजारच्या गृहस्थाने सहानुभूतीने मान हलवली, पण मान हलवून चिप्स पुढे जात नाहीत.

मी वाढवलंच नसल्यामुळे बिग ब्लाइंडवाल्याला एक दमडीही न घालता फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन उघडी पानं, बघायला मिळाला. फ्लॉपवर उतरलं काय, तर नव्वी, सत्ती, दुर्री. त्याने तीन लावले, मी धरले. चौथं पान चव्वी; त्याने सहा लावले, मी धरले. शेवटचा गुलाम, त्याने आठ लावले. माझ्या राण्या समोरच्या प्रत्येक पानापेक्षा मोठ्या, मग सोडवतं कुणाला? त्याने उलटी केली ती किलवर सत्ती आणि चौकट दुर्री, म्हणजे त्याच्या दोन जोड्या आणि माझी एकच. वेगवेगळ्या चिन्हांची सत्ती-दुर्री ही या खेळातली सगळ्यात टाकाऊ सुरुवात समजली जाते. पाच सांगितले असते तर तो माणूस पानं फेकून पाण्याचा घोट घेत बसला असता. एक शब्द बोलले नाही त्याचे अठरा बिग ब्लाइंड पडले.

आपल्या लेखात यातलं काहीच नाही. ब्लफ करताना नजर कुठे ठेवावी यावर मात्र दोन परिच्छेद आहेत. नवख्याला उपयोगी पडतं ते असं: आधी बोला, मग हात हलवा, कारण आपल्या पाळीत बोललेला शब्द बांधील असतो. चिप्स एकदाच पुढे न्या. थोड्या ठेवून पुन्हा मागून आणलेल्या धरत नाहीत. आपल्या पानांवर एक चिप ठेवा, नाहीतर डीलर ती टाकलेली समजून गोळा करते. (माझी एकदा केली. सुदैवाने पंजी-तिर्रीच होती.) आणि डाव चालू असताना खिशातून नवे पैसे काढता येत नाहीत. समोर आहेत तेवढेच पणाला. सगळे लावले तर बाकीच्यांचा पुढचा हिशेब वेगळ्या ढिगात, साइड पॉटमध्ये, जातो. थोडक्या पैशात बसणाऱ्याला हा नियम फार धीर देतो.

लेखात न सापडलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रेक. जुन्या अड्ड्यांच्या भाषेत नाल. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, घर (म्हणजे कॅसिनो) आपला हिस्सा काढतं. कुठे पाच टक्के, कुठे दहा, वर ठरावीक कमाल मर्यादा. बऱ्याच ठिकाणी फ्लॉपच्या आधीच डाव मिटला तर घेत नाहीत. सवयीने मी एक तास मोजलं. २७ डाव झाले, १९ पॉटांतून नाल गेली, एकूण साधारण २१ बिग ब्लाइंड. आम्ही नऊ जण, म्हणजे दर डोई तासाला सव्वादोनच्या थोडं वर. मोठ्या टेबलावर कमाल मर्यादा ब्लाइंडच्या पटीत वाढत नाही, त्यामुळे प्रमाणात पाहिलं तर जास्त भुर्दंड लहान टेबलवाल्यालाच. हे लेखात यायला नको होतं का?

“पैसे थोडे असतील तर सुरुवातीलाच धाडस करून दुप्पट करा” हा सल्लाही मला पटला नाही. नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीला दीड बिग ब्लाइंड जातो. तासाला तीन फेऱ्या, म्हणजे साडेचार. नुसतं बसून राहिले असते तरी माझे पन्नास अकरा तास पुरले असते. मग घाई कसली? शिवाय लहान टेबलावर लोक पैसे भरून समोरच्याची पानं बघायलाच आलेले असतात, ब्लफला घाबरून पानं टाकणारे थोडे. छोट्या जोड्याही थोडक्या चिप्सवर परवडत नाहीत. जोडीची तिकडी फ्लॉपवर साडेआठ वेळांतून एकदा लागते, आणि लागली तरी समोरून खेचायला आपल्यापुढे पुरेसा ढीग नसतो. मोठी पानं येईपर्यंत थांबायचं, आली की मोठ्याने ‘रेझ’ म्हणायचं. तिसऱ्या तासात एक्का-राजा आला तेव्हा मी इतक्या मोठ्याने म्हटलं की पलीकडच्या टेबलावरून भाच्याने वळून पाहिलं. तो डाव मिळाला.

तीन तासांनी उठले तेव्हा समोर ४१ होते. नऊ गेले, त्यातले सरासरीने सातेक घराच्याच वाट्याचे. दुसरं पाकीट उघडलंच नाही.

शेवटी एक दुरुस्ती, ती मात्र छापावीच. लेखासोबतच्या तक्त्यात स्ट्रेट (ओळीने पाच पानं) हा फ्लशच्या (एकाच चिन्हाची पाच पानं) वर दाखवला आहे. ते उलट आहे. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० संच होतात. त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, दोन्हींत स्ट्रेट फ्लश (एकाच चिन्हाची ओळीने पाच) न धरता. जो दुर्मीळ तो वरचढ, म्हणून फ्लश वर. तो तक्ता कापून कुणी खिशात ठेवला असेल तर त्याच्यापर्यंत हे लवकर पोचायला हवं.

कळावे,
आपली एक वाचक
(निवृत्त हिशेबनीस)